गेमिंगसाठी लॅन केबल की ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय?
ऐन रंगात गेम थिजतो, आणि दोन सेकंदांनी पाहावं तर आपण मेलेलो! अशा वेळी दोष बहुतेकदा स्पीडचा नसतो, पिंग (संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) वरखाली होत असतो.

वाय-फायच्या जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल (सिग्नलच्या वाटा) जेमतेम तीन: १, ६, ११. त्यातच शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंत आडवी आली की सिग्नल ढेपाळतो. राउटर त्याच खोलीत असेल तर हे पुरेसं आहे.

केबलला हवेतली गर्दी बाधतच नाही. ओढायचा त्रास एकदाच. मी केबलच घेईन.

त्याआधी वाय-फायवरून राउटरलाच पिंग करून बघा (कॉम्प्युटरच्या कमांड विंडोत ping आणि पुढे राउटरचा पत्ता). तिथेच आकडे उड्या मारत असतील तर वाय-फायचा दोष. स्थिर असतील तर केबलनेही फरक पडणार नाही, इंटरनेट कंपनीकडे तक्रार करा.