आठ फुटी स्लेट पूल टेबल : १४ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या बेसा भागातल्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, रोज संध्याकाळी ३-४ तास खेळ. तीन तुकड्यांची २५ मिमी स्लेट (कापडाखालची दगडी फरशी), चार पाय, सहा पॉकेट. फेब्रुवारीत बसवलं, आता दुसरा उन्हाळा लागलाय. स्लेट आणि कुशनचं (बॉल आपटून परततो त्या कडेचं) रबर पाहता टेबल घ्यायला हरकत नाही. कंपनीचं फिटिंग आणि सोबत आलेले बॉल मात्र दोन्ही बेकार.

जागेचा हिशेब आधी करा. आठ फुटी म्हणजे खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच. ५८ इंची क्यू (खेळायची काठी) सगळीकडून मागे खेचता यायची तर खोली १७ फूट बाय १३ फूट ४ इंच तरी हवी; कोपर भिंतीला लागू नये म्हणून वर अर्धा-अर्धा फूट धरा. स्लेटचा एकेक तुकडा ७० किलोच्या घरात जातो. तो आडवा उचलला तर तडकण्याची भीती, म्हणून कडेवर उभा धरूनच न्यायचा. पाय येणार तिथल्या टाईल्स नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली ती भाराखाली फुटणार. आम्ही प्रत्येक पायाखाली १० मिमीची लोखंडी प्लेट टाकली.

आता लेव्हल. फिटरने सुताराच्या पाणसळीवर काम उरकलं. चांगल्या टेबलाला लांबीत अर्धा मिमी आणि रुंदीत पाव मिमी, एवढाच फरक चालतो. साध्या पाणसळीत मीटरमागे अर्धा मिमीचा फरक सहज लपतो. सव्वादोन मीटरला मिमीभर चूक तिथेच पचली. हिंगण्याच्या एमआयडीसीत मशीन बसवणाऱ्यांकडे मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल असते, ती घेऊन येणारा माणूस शोधा. क्रम असा : आधी फ्रेम, मग मधली स्लेट, मग तिला जुळवून दोन्ही टोकांच्या. सांध्यावर बोटाचं नख आडवं फिरवा. अडलं तर एक तुकडा वर आहे. पॅकिंग म्हणून फिटरने चक्क पत्त्यांचे तुकडे घातले होते. ही जुनी पद्धत आहे आणि कोरड्या हवेत चालूनही जाते, पण पावसाळ्यात पत्ता ओल धरतो आणि दबतो. पितळी पत्र्याचं पॅकिंग घालायला लावा.

सांधे त्याने मेणाने भरले. मधमाशीचं मेण वितळतं ६२-६४ अंशाला, पण मऊ पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. मे महिन्यात बाहेर ४५, बंद हॉलमध्ये दुपारी ४० : मेण खाली बसलं, कापडाखाली केसाएवढी खाच पडली आणि हळू मारलेला बॉल तिथे टुणकन उडायला लागला. शेवटी कापड उचलून गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांची बॉडी पुट्टी भरली. उन्हाळ्यात हार्डनर हात आखडून घाला, नाहीतर अर्धा सांधा भरेपर्यंत डबीतच दगड होतो. वाळल्यावर पॉलिशपेपर मारू नका, खळगा पडतो. रुंद ब्लेडने खरवडून सपाट करा. तोटा एकच : टेबल हलवायचं झालं की पुट्टी फोडावी लागते.

सगळ्यात जास्त छळलं ते फरशीने. खाली काळी माती. पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते, आणि तळमजल्याची फरशी तिच्यासोबत वरखाली होते. ऑगस्टमध्ये बागेकडची बाजू उचलली गेली आणि सगळे बॉल आतल्या भिंतीकडे ओढू लागले. इथे ओळखायची खूण सांगतो. पूर्ण टेबलावर बॉल एकाच दिशेला वाहत असेल तर पायांचे स्क्रू बघा. एकाच तुकड्यावर वाहत असेल किंवा सांध्यावर उडत असेल तर स्लेट बघा. पहिल्या प्रकारात स्लेटला हात लावलात तर दिवाळीनंतर माती वाळल्यावर पुन्हा सगळं उलटं करत बसाल. बागेकडचे दोन्ही पाय अर्धा-अर्धा फेरा खाली घेतले, तेवढ्यात भागलं. मूळ जागी स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवलाय, डिसेंबरात तिथेच परत आणले.

कूलरचं तोंड टेबलाकडे ठेवू नका. दमट हवेने कापड सैल पडतं, बॉल अर्ध्यातच दमतो. शिवाय बोअरच्या पाण्याचे तुषार उडाले तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि त्यावर खडू बसला की निघत नाही. एमडीएफच्या पायांना खालून पाणी लागलं की ते पावासारखे फुगतात. आमचा एक फुगलाच.

कापड लव असलेलं आलं, स्नूकरच्या टेबलासारखं. (स्नूकर १८७५ साली शेजारच्या जबलपूरलाच जन्माला आलं, फिटर मंडळींचा हात अजून त्याच सवयीत असावा.) पूलला बिनलवीचं, घट्ट विणीचं वर्स्टेड मागा : बॉल जास्त पळतो, कापड गोळे धरत नाही. लव असेल तर ब्रश ब्रेकच्या (पहिल्या फटक्याच्या) टोकाकडून एकाच दिशेने; उलटा मारला की लव उभी राहते. ओला फडका कधीच नाही.

कुशनवरून बॉल ‘ठक’ ऐवजी ‘भद्’ आवाज करत मेल्यासारखा परतला तर रबराला दोष देण्याआधी रेलचे (कुशन बसवलेल्या लाकडी कडेचे) बोल्ट आवळा. उन्हाळ्यात रेलचं लाकूड सुकून आक्रसतं आणि पकड सुटते. प्रत्येक रेलला तीन, एकूण १८. ९/१६ इंची गोटी पाना खालून लावून, मधला आधी, मग कडेचे. एकच बोल्ट जिवाच्या आकांताने पिळू नका, सगळे सारखे हवेत. वर्षात दोनदा आवळले. रबराची धार स्लेटपासून साधारण ३६ मिमीवर येते, स्टीलच्या पट्टीने तपासा. खाली असली तर बॉल उडतो, वर असली तर दबतो.

सोबतचे बॉल पॉलिएस्टरचे होते. सहा महिन्यांत चमक गेली, ब्रेकच्या जागी कापडावर भाजल्यासारखे पांढरे ठिपके पडले. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले तर एकाच सेटमध्ये ५ ग्रॅमपर्यंत फरक निघाला. फिनॉलिकचा (कडक रेझिनचा) सेट महाग पडतो, पण कापड वाचवतो. कोमट पाणी, सौम्य साबण, सुती कापड. भांड्यांची घासणी नको.

क्यू भिंतीला तिरप्या टेकवल्या तर पावसाळ्यात वाकतात. चारपैकी दोन वाकल्या, म्हणून आता रॅकमध्ये सरळ उभ्या असतात. दुपारी टेबलावर सुती चादर टाकतो; कंपनीचं रेक्झिनचं कव्हर खाली घाम धरतं, ते माळ्यावर गेलं.