सोलापूरच्या नवी पेठेतलं घड्याळ रिपेअरिंगचं छोटं दुकान, चार स्टार

बाबांचं चावीचं एचएमटी, कपाटात कधीपासून बंद, वर्षश्राद्धाच्या सकाळी कुणी हात न लावता टिकटिकायला लागलं म्हणून दाखवायला नेलं. दुकानातल्या काकांनी झाकण उघडून सांगितलं, जुनं तेल सुकून घट्ट होतं, स्प्रिंगमध्ये चावी शिल्लक असली की गरमीनं नाहीतर धक्क्यानं चाकं परत सुटू शकतात. पटलं, सोलापूरचा मे म्हणजे विचारूच नका. पण नेमकं त्याच दिवशी का? तर म्हणे ‘ते माझ्या कामात येत नाही’. जाम आवडलं राव हे उत्तर, हसले नाहीत की कुठल्या बुवाचा पत्ताही दिला नाही, आणि मीपण मग जास्त खोदत बसलो नाही. सर्व्हिसिंग झकास. २०१६ ला सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं तरी काका जुने पार्ट शोधून आणतात. वेळ मात्र फार लावतात, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या (जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) दिवसात गाडी घेऊन जाऊ नका.