आठशे रुपयांचा विवाह-अहवाल : पहिली अकरा पानं ठेवा, बाकीची सोडा

लेकीसाठी स्थळं बघायला घेतली तेव्हा भाचीनं मोबाइलवर पत्रिकेचं एक ॲप टाकून दिलं. त्यात ७९९ रुपयांत ‘संपूर्ण विवाह अहवाल’ मिळतो, मराठीत, ८४ पानी पीडीएफ. नाव लिहीत नाही, कारण ओळखीतल्या दोघींनी दुसऱ्या ॲपांवरून काढलेले अहवालही चाळले आणि ते याच वळणाचे निघाले. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पत्रिकेवर माझा विश्वास आहे, पण उत्तराआधी रीत बघायची खोड जात नाही.

आधी चांगलं सांगते. पहिली अकरा पानं उत्तम आहेत. लग्नकुंडली, राशिकुंडली, नवमांश (प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडलेली कुंडली), विंशोत्तरी दशांचं म्हणजे ग्रहांच्या कालखंडांचं कोष्टक, सगळं स्वच्छ छापलेलं. लेकीच्या जन्मसालाचं दाते पंचांग सासूबाईंनी जपून ठेवलंय. ग्रहांचे राशी-अंश त्याच्याशी ताडून पाहिले, बरोबर आले.

बाराव्या पानापासून फलित, म्हणजे भाकीत, सुरू होतं आणि गाडी घसरते. लेकीचं कन्या लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), सप्तमात म्हणजे विवाहाच्या घरात मीनेचा शनी, सप्तमेश म्हणजे त्या घराचा स्वामी गुरू चौथ्या या केंद्रस्थानी धनूत, म्हणजे स्वतःच्या घरात. पान ३१ म्हणतं, ‘सप्तमात शनी, विवाहास विलंब, जोडीदार रूक्ष.’ पान ४६ म्हणतं, ‘सप्तमेश केंद्रात बलवान, विवाह लवकर आणि सुखाचा.’ दोन्ही नियम परंपरेतलेच आहेत. पण शनीला सप्तमात दिग्बल, म्हणजे स्थानाचं बळ, असतं, त्याच्या राशीचा स्वामी बळकट आहे, आणि स्त्रीच्या पत्रिकेत पतीचा कारक, म्हणजे पतीबद्दल सांगणारा ग्रहही गुरूच धरतात. हे सगळं तोलून एक काय ते सांगायचं, त्याचेच तर पैसे द्यायचे. इथे वाण्याच्या यादीसारखी वाक्यं एकाखाली एक टाकली आहेत, बेरीज तुमची तुम्ही करा.

मंगळाचं पान तर मी वर्गात उदाहरण म्हणून दिलं असतं. १, ४, ७, ८, १२ या स्थानी मंगळ असला की मंगळाची पत्रिका, म्हणजे बारापैकी पाच घरं गेली. ॲप हेच लग्नावरून, चंद्रावरून आणि शुक्रावरून, असं तीनदा मोजतं. ढोबळ हिशोब केला तर शंभरात ऐंशी जण कुठे ना कुठे सापडतात. ज्या मुलाचं स्थळ बघत होतो, त्याचा मंगळ आठवा, पण मकरेचा, म्हणजे उच्चीचा. आपल्याकडे कुठलेही गुरुजी अशा वेळी परिहार, म्हणजे दोष रद्द करणारा नियम, सांगतात. अहवालात तांबड्या चौकटीत ‘तीव्र मांगलिक’. परिहाराचा शब्दही नाही.

खरी गंमत गुणमेलनात झाली. ॲपनं ३६ पैकी १७ गुण दिले आणि वर ‘एकनाड’, म्हणजे दोघांची नाडी एकच असल्याचा दोष. लेकीचा चंद्र मेषेत १२ अंशांवर म्हणजे अश्विनी, मुलाचा आर्द्रा, दोन्ही नक्षत्रांची नाडी आद्य. नाडीचे ८ गुण तिथेच गेले. मुलाकडच्यांचा फोन आला तर त्यांचे गुरुजी म्हणे पंचवीसच्या वर गुण आहेत, नाड वेगळी आहे, पुढे जायला हरकत नाही! दोन रात्री झोप नाही. शेवटी विचारलं, पंचांग कुठलं वापरता? टिळक पंचांग. मग उलगडा झाला. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, यावरून पंचांगांचे पक्ष पडतात. ॲप आणि दाते चित्रा ताऱ्यावरून तो धरणाऱ्या चित्रापक्षाचे. १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीनंही, जिचे अध्यक्ष मेघनाद साहा होते, चित्रापक्षच धरला. टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यावरून धरणाऱ्या रैवतपक्षाचं. दोघांच्या अयनांशात, म्हणजे आरंभबिंदू किती अंश सरकलेला धरायचा त्या आकड्यात, सुमारे ४ अंशांचा फरक. तेवढे मिळवले की लेकीचा चंद्र १६ अंशांवर जातो, अश्विनी १३ अंश २० कलांवर संपते, भरणी लागते आणि भरणीची नाडी मध्य. मुलाची आर्द्रा मात्र आर्द्राच राहते. एवढंच नाही, दशांचं कोष्टकही साडेचार-पावणेपाच वर्षांनी सरकतं. म्हणजे ‘विवाहाचा काळ’ म्हणून छापलेली सहा पानंही त्यासोबत हलली. चूक कोणाचीच नाही, पण ८४ पानांत अयनांशाची ओळ कुठे आहे? शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत.

नवमांशावर नऊ पानं आहेत. दवाखान्याच्या कार्डावर जन्मवेळ ३.३०, सासूबाई सांगतात ३.२०. दोन्ही घालून पाहिल्या. नवमांश लग्न तेरा-चौदा मिनिटांत बदलतं, तसं ते बदललं, आणि जावई ‘कलाप्रिय, मृदू’चा ‘व्यवहारी, कडक’ झाला. जन्मवेळ कितपत नक्की आहे, हे ॲप एकदाही विचारत नाही.

मदत केंद्राला अयनांशाबद्दल लिहिलं. उत्तर आलं चार दिवसांनी, त्यात माझ्या प्रश्नाचा उल्लेख नाही, ५,१०० रुपयांच्या नाडीदोष निवारण पूजेची लिंक आहे. एक तारा मी इथेच कापला.

पाचपैकी दोन. घ्यायचाच असेल तर मांडणीसाठी घ्या, आणि दुसऱ्या पक्षाशी बोलण्याआधी पंचांग एकच ठरवून घ्या. मांडणी घेऊन गावातल्या जाणत्या माणसाकडे गेलात तर अर्ध्या तासात जास्त कळेल, मला तसंच कळलं.

मुलगा-मुलगी दोनदा भेटलीत, तिसऱ्यांदा रविवारी भेटतायत. ॲप मात्र रोज सकाळी सातला मोबाइल वाजवून सांगतं : ‘आपल्या कन्येचा नाडीदोष प्रलंबित आहे.’