स्प्रिंगस्टीनचा सुपर बोल शो: १२ मिनिटांत काय काय बसवणार?

१ फेब्रुवारी २००९ चा फ्लोरिडातल्या टँपामधला अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा हाफटाइम शो (म्हणजे सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या मध्यंतरातला कार्यक्रम) बघितला नसेल तर बघाच, पण आधीच सांगते, त्याच्या फॅन्समध्येच यावरून दोन तट आहेत. ज्यांनी त्याच्या तीन-तीन तास चालणाऱ्या कॉन्सर्ट्स बघितल्यात त्यांना हे म्हणजे ट्रेलरच वाटतं, चार गाणी, तीही कापलेली, आणि 'बॉर्न टू रन'चं एक अख्खं कडवं गायब, अरे हे कापायचं गाणं आहे का! मला पण ते खटकलंच. त्यात नवीन अल्बम आठवड्यापूर्वीच आलेला, त्याचं टायटल साँग मध्ये घुसवलंय, मग लोक जाहिरात म्हणणारच ना. त्या गाण्यातला गॉस्पेल कॉयर (चर्चमधल्या भक्तिगीतांच्या ढंगात गाणारा गट) मस्त आहे पण तिथे जोश जरा उतरतोच.

दुसरी पार्टी म्हणते की टीव्हीवर करोडो लोक बघतायत, त्यातल्या कितीतरी लोकांना हा माणूस नीट माहीतही नाही, त्यांच्यासाठी हेच बरोबर, आणि तेही पटतं, कारण ५९ व्या वर्षी गुडघ्यांवर घसरत येऊन तो थेट कॅमेऱ्यावर आदळतो, ते बघून मी तर मोठ्याने हसले! शेवटी खोटा रेफ्री येऊन वेळ संपली म्हणतो, काहींना तो फालतूपणा वाटला, मला मजा आली. आणि त्याच्या बँडमधल्या क्लॅरेन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन... २०११ मध्ये तो गेला, त्यामुळे आता तेवढा भाग मी परत मागे घेऊन बघते.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार त्या कापलेल्या कडव्याचा.