दमट उन्हाळ्यातील द्राक्षबाग: ठरलेल्या दिवशी फवारणी करावी की हवामान पाहून?

पाऊस, दव आणि उकाडा एकत्र येणाऱ्या हंगामात द्राक्षबागेचे रोगनियंत्रण दोन पद्धतींनी केले जाते. एका पद्धतीत दर 7 ते 14 दिवसांनी, आकाश कसेही असले तरी, फवारणीची पाळी येते. दुसऱ्या पद्धतीत पर्जन्यमापक, तापमानाची नोंद आणि पाने किती तास ओली राहिली याचा हिशेब ठेवून, संसर्गाची परिस्थिती जुळली तरच औषध मारले जाते. दुसरी पद्धत अधिक शास्त्रशुद्ध वाटते आणि फवारण्याही वाचवते. परंतु ती सर्व रोगांना सारखी लागू पडत नाही. निवड करताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी, असे माझे मत आहे.

डाउनीच्या, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाच्या, बाबतीत हवामान पाहून निर्णय घेणे खरोखर उपयोगाचे ठरते, कारण या रोगाला पानावर पाणी साचलेले लागते. हंगामातील पहिल्या संसर्गासाठी किमान 10 अंश सेल्सिअस तापमान, 10 मिलिमीटर पाऊस आणि 10 सेंटिमीटर लांबीची नवी कोवळी फूट हा जुना ठोकताळा आजही पहिला इशारा म्हणून वापरण्याजोगा आहे. त्यापुढे रोग रात्रीच्या हवेवर पसरतो. अंधारात चारेक तास आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा 13 अंशांपेक्षा उबदार असली, की पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी उमलते. पानावर पिवळसर तेलकट डाग दिसला आणि तो डाउनीचाच आहे का याची शंका असली, तर ते पान ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर अंधारात ठेवावे. सकाळी डागाच्या बरोबर खाली पांढरी लव उमटलेली दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. काळ्या कुजीचेही, म्हणजे मणी काळे पाडून सुकवणाऱ्या बुरशीचेही, गणित असेच ओलेपणाच्या तासांवर चालते: साधारण 27 अंशांना पाने सहा तास ओली राहिली तरी पुरते, 10 अंशांना मात्र पूर्ण दिवस लागतो.

भुरीला, म्हणजे पाने आणि मण्यांवर पांढरट भुकटीसारख्या पसरणाऱ्या बुरशीला, हा हिशेब लागू होत नाही. तिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी साचलेले पाणी लागत नाही; उलट जोरदार पावसाने ते धुतले जातात. ढगाळ, दमट आणि 20 ते 27 अंशांची हवा तिला मानवते, आणि दमट उन्हाळ्यात असे दिवस सलग अनेक आठवडे येतात. त्यामुळे पाऊस झाला नाही म्हणून फवारणी टाळणारा बागायतदार डाउनीपासून वाचतो आणि नेमका भुरीच्या तावडीत सापडतो. फुलोऱ्याच्या सुमारास घडाच्या आतल्या बाजूला बसलेली भुरी बाहेरून दिसत नाही. मणी फुगू लागल्यावर ते तडकतात तेव्हाच ती लक्षात येते, आणि त्या वेळी कोणतेही औषध तो घड परत आणू शकत नाही.

म्हणून माझा कल मिश्र पद्धतीकडे आहे. फुलोऱ्याच्या किंचित आधीपासून मणी धरल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत वेळापत्रक काटेकोर पाळावे, कारण घड याच काळात सर्वाधिक नाजूक असतो. पुढे मणी डाउनी आणि भुरीला बरेच दाद देईनासे होतात. काळी कुज काही जातींमध्ये आणखी थोडा काळ धोक्याची राहते. पाने मात्र अखेरपर्यंत डाउनीला बळी पडतात. त्यामुळे घडांचा नाजूक काळ संपल्यावर, पानांसाठी, हवामान पाहून निर्णय घेण्याची मोकळीक खरी उपयोगाची ठरते. वेळापत्रक पाळतानाही मोठ्या पावसाकडे दुर्लक्ष करून चालत नाही: 25 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला की स्पर्शजन्य औषधाचा, म्हणजे पानाच्या पृष्ठभागावरच राहणाऱ्या औषधाचा, थर बराच धुऊन जातो आणि पुढची पाळी अलीकडे आणावी लागते.

हवामानावर विसंबणाऱ्याचा मोठा आधार म्हणजे आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शोषली जाणारी, औषधे, कारण त्यांतील काही संसर्गानंतर दोन-तीन दिवसांपर्यंतही काम करतात. तोच या पद्धतीचा कच्चा दुवाही आहे. रोग दिसल्यावर पुन्हा पुन्हा एकाच गटाचे औषध मारले, की प्रतिकारक्षम बुरशी निवडली जाते. स्ट्रोबिल्युरिन या बुरशीनाशकांच्या गटाबाबत डाउनी आणि भुरी या दोघांतही असे घडले आहे. गंधक आणि ताम्रयुक्त औषधांबाबत ही भीती अत्यल्प आहे. मात्र गंधक कडक उन्हात, साधारण 32 अंशांच्या पुढे, पाने भाजते, आणि तेलाच्या फवारणीच्या मागेपुढे दोन आठवडे ते वापरू नये.

किडींसाठी वेळापत्रक मला मुळीच मान्य नाही. फुलकिडे, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांची मोजणी करूनच कीटकनाशक वापरावे. ठरलेल्या तारखेला मारलेले व्यापक परिणामाचे औषध कोळ्यांना खाणारे मित्रकोळी आधी संपवते, आणि मग लाल कोळीचा उद्रेक आपल्याच हाताने ओढवला जातो.

दोन्ही पद्धतींत फेलफूट, म्हणजे बगलेतून येणारे जादा फुटवे, वेळेवर काढणे आणि घडांभोवतीची पाने विरळ करणे यांना पर्याय नाही. वेलीत वारा खेळला की पाने लवकर सुकतात आणि औषध घडाच्या आतपर्यंत पोहोचते. फक्त भर उन्हाळ्यात एकदम पाने काढली, तर सावलीत वाढलेले मणी भाजतात, म्हणून हे काम मणी लहान असतानाच उरकावे.

शेवटी निर्णय यंत्रसामग्रीवर आणि बागेत फिरण्याच्या सवयीवर ठरतो. संपूर्ण बाग एका दिवसात फवारून होत असेल, पावसानंतर ट्रॅक्टर ओळींत शिरू शकत असेल आणि आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहणारे कोणी असेल, तर घडांचा नाजूक काळ वगळता हवामानावर चालावे. फवारणीला तीन दिवस लागत असतील किंवा चिखलात चाके रुतत असतील, तर वेळापत्रकच धरावे, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असल्यास स्पर्शजन्य औषध पावसाच्या आधी सुकेल अशा बेताने मारून घ्यावे.