हॉल इफेक्टवाली स्टिक मागवली, घरीच बसवली

भाऊ, पोराचा गेम खेळायचा कंट्रोलर असा झालता का हात न लावता प्लेअर आपोआप डावीकडं पळे, ड्रिफ्ट म्हणतात त्याले, अंगठ्यानं फिरवतो त्या स्टिकच्या आतली कार्बनची पट्टी घासली का होते तसं. दारव्ह्यात मोबाईलवाले म्हणे नवाच घ्या. मग ऑनलाईन हॉल इफेक्टवाली स्टिक मागवली, यात चुंबक असते, घासायचं कामच नाई. माल मस्त! पण एका स्टिकचे 14 पॉईंट डिसोल्डर करा लागते, म्हणजे टाके वितळवून सोडवा लागते, अन् मधातच लाईन गेली, दोन घंटे बसलो माशा मारत. बॅटरीची पिन आधी काढजा बरं. बसवल्यावर कॅलिब्रेट कराच, म्हणजे स्टिकचं सेंटर नीट जुळवून घ्या, नाईतर सेंटर हुकते. सोबतचा पेचकस मात्र निव्वळ भंगार, पयल्याच स्क्रूत टोक गोल झालं.