सायकल येतच होती, रस्ता शिकायला गेले

ज्यांना सायकलचा तोलच सांभाळता येत नाही, त्यांनी या वर्गाच्या वाटेला जाऊ नये. हा तास आहे माझ्यासारख्यांसाठी: गल्लीत झकास चालवणारे, आणि मोठ्या रस्त्यावर मागे बसचा हॉर्न वाजला की खांदे कानापर्यंत चढवून गटाराच्या कडेला सरकणारे. मी एकटीसाठीचा तास घेतला. गटात घाबरायलाही लाज वाटते.

शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. आधी हवा, ब्रेक, चेन बघितली आणि मग माझी सीट वर केली. मी कुरकुरले, कारण सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले की मला बरं वाटतं. "ताई, पाय टेकायचे ते थांबल्यावर, सीटवरून पुढे उतरून," तो म्हणाला. टाच पॅडलवर ठेवून पाय पूर्ण खाली गेला की गुडघा सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा पॅडलवर येतो, तेव्हा तो जरासा वाकलेला राहतो. एवढ्याने मांड्यांचं दुखणं निम्मं गेलं. पैसे तिथेच वसूल झाले म्हटलं तरी चालेल.

पण खरी गंमत मागे वळून बघण्यात होती. मोकळ्या मैदानात आखलेल्या रेषेवरून सायकल न्यायची, तो मागून बोटं दाखवणार, आपण किती ते सांगायचं आणि रेषा सोडायची नाही. करून बघा. मान जिकडे वळते तिकडे हँडलही जातं! त्यावरचा उपाय असा, की कोपर सैल सोडायचं, हनुवटी खांद्याला लावायची आणि धड आहे तिथेच ठेवायचं. हे जमल्याशिवाय त्याने हात दाखवायला शिकवलंच नाही. आधी बघा, मग हात, मग वळा. हात दाखवला म्हणजे मागचा थांबलाच असं नाही, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की आता झोपेतही आठवेल.

ब्रेकचं पटकन सांगते. दोन्ही दाबायचे; पुढचा जास्त थांबवतो, म्हणून एकदम दाबताना कंबर मागे न्यायची. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं, म्हणून उतारावर शहाणपणा नको.

मग रस्ता. कडेला चिकटू नका, हा तासाचा गाभा. आपण कडेला गेलो की मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू या. उभ्या गाड्यांपासून उघड्या दाराएवढं अंतर ठेवायचं आणि रस्ता अरुंद झाला की सरळ लेनच्या मधोमध यायचं. मला हा उद्धटपणा वाटला होता. हॉर्न वाजले, खोटं कशाला बोलू. पण घासून कोणी गेलं नाही. सिग्नलला ट्रकच्या बाजूला उभं राहायचं नाही, हेही पटलं: ट्रक वळताना त्याची मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात आणि ड्रायव्हरला आपण दिसतही नाही. आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, असं धरून चालायचं.

तक्रारी आहेत. तो मागून सायकलवर येत ओरडून सूचना देतो, त्या गर्दीत निम्म्या ऐकूच येत नाहीत. चौकाआधी कडेला थांबून सांगितलं असतं तर बरं. हेल्मेटवरचं प्रवचन लांबलं आणि मोठा गोल चौक शेवटी घाईघाईत उरकला. नेमकी तिथेच माझी पाचावर धारण बसते. रात्र आणि पाऊस या तासात नाहीतच.

तरी पुढचा तास घेणार आहे, फक्त त्या गोल चौकासाठी, आणि तसं आधीच सांगून ठेवलंय. जाताना स्वतःचीच सायकल न्या. त्यांची घेतलीत तर तिथल्या सीटची उंची आणि ब्रेक तिथेच राहतील, घरी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.